बर्फाच्या प्रदेशात सोने कसे शोधतात?



सोने म्हटले की आपल्याला सराफा आठवतो. पण ते जमिनीत नेमके कुठे आहे हे कसे ओळखतात? जिथे रस्ता नाही, झाड नाही, वर्षातले आठ-नऊ महिने बर्फ असतो, तिथे तर हे काम फारच कठीण. त्यासाठी आपण कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशात जाऊ.

तेथे उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे होप बे नावाचा सुमारे ८० किमी लांबीचा खडकांचा पट्टा आहे. हे खडक सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनले. पुढे दाब व उष्णतेने त्यांचे रूप पालटून ते हिरवट झाले, म्हणून त्यांना हरितपाषाण म्हणतात. त्यांना भेगा पडल्या तेव्हा खोलातील उष्ण पाणी वर चढले आणि त्यात विरघळलेले सोने गारगोटीबरोबर भेगांत साठले. आपल्या देशात कर्नाटकातील हट्टी आणि २००१ मध्ये बंद झालेली कोलारची खाण याच प्रकारच्या खडकांत आहेत.

नुनावुतमध्ये असे खडक बऱ्याच ठिकाणी माती-गोट्यांखाली झाकलेले आहेत. हिमयुगात सरकत्या बर्फाने खडक खरवडून त्यांचा चुरा दूरवर नेऊन टाकला. भूवैज्ञानिक हा चुरा धुऊन त्यातील सोन्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कणाचे कोपरे शाबूत असतील तर तो जवळचा. वाकून, घासून गोल झाला असेल तर लांबचा. खडकावरील ओरखड्यांवरून बर्फाची दिशा कळते. त्या दिशेच्या उलट माग काढत गेले की मूळ खडकाचा अंदाज येतो.

मग हिरे बसवलेल्या पोकळ नळीने खडकात खोल छिद्र पाडून दगडाचे लांब दंड काढतात. तळी गोठली की त्यांच्यावरही यंत्रे उभी करता येतात. दगडाची भुकटी शिशाच्या संयुगाबरोबर भट्टीत वितळवतात. तयार झालेले शिसे सोने आपल्यात ओढून घेते आणि त्यावरून प्रमाण कळते. एक टन म्हणजे १० लाख ग्रॅम. त्यात आठ ग्रॅम सोने निघाले तरी ते चांगले मानतात!

एवढे करूनही खाण चालेलच असे नाही. होप बे येथील डोरिस खाणीत २०१७ मध्ये उत्पादन सुरू झाले. २०२२ मध्ये ते थांबवून पुन्हा शोधकार्याकडे लक्ष दिले गेले.

शिवाय ही भूमी इनुइट लोकांची आहे. कॅरिबू हरणांचे कळप त्यांच्या अन्नाचा आधार. नुनावुतमधीलच बॅक रिव्हर या सुवर्ण प्रकल्पाला २०१६ मध्ये तेथील परीक्षण मंडळाने मुख्यतः कॅरिबूंच्या काळजीने प्रतिकूल मत दिले. कळपांच्या रक्षणाच्या नव्या उपायांसह फेरविचार झाला, २०१७ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०२५ मध्ये पहिले सोने निघाले. सोने कुठे आहे हे विज्ञान सांगते. ते कोणत्या अटींवर काढावे, हे ठरवताना तेथे राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकावेच लागते. आमच्या मते विज्ञान शिकवताना ही दुसरी बाजूही मुलांसमोर यायला हवी. पालकांनी घरी यावर अवश्य चर्चा करावी.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. नदीतील गोटा आणि बांधकामाच्या खडीचा तुकडा भिंगाखाली शेजारी ठेवावा. पाण्याबरोबर लांबून कोण आला, ते कडा पाहून वहीत कारणासह लिहावे.