जबलपूरची विडी : पारख कुणाची, मोल कुणाचे?

सिगार म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातला शेटजी उभा राहतो. अंगात रेशमी गाऊन, बसायला मऊ खुर्ची आणि बोटांत धुमसणारी जाडजूड सिगार! पण सिगारचे खरे शौकीन या थाटाला हसतात. त्यांच्या मते पारख करावी ती आखूड आणि सौम्य सिगारची. जहाल सिगारच्या कडवटपणात बरेच दोष झाकले जातात. सौम्य सिगारमध्ये पान जरा हलके असले, वळताना हात जरा चुकला, तरी जिभेला लगेच कळते.

ही पारख आपल्या देशात पाहायची असेल, तर परदेशी सिगारच्या महागड्या दुकानात जाण्याची गरज नाही. पानात तंबाखू गुंडाळून ओढायच्या सिगारची एक गरीब बहीण आपल्याकडे गावोगाव भेटते. ती म्हणजे विडी! आणि विडीचे माहेर म्हणून ज्या शहरांचे नाव घेतले जाते, त्यांत मध्य प्रदेशातले जबलपूर अगदी पुढे आहे. सिगारेटला कागद लागतो. सिगार आणि विडी या दोघींचे सगळे सौंदर्य पानावर. म्हणूनच १९६६ साली संसदेने कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा त्याच्या नावातही विडी आणि सिगार शेजारी शेजारी बसल्या.

चाखणे म्हणजे काय?

आधी श्रीमंत बहिणीकडे पाहू. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारचे तीन भाग असतात : आतले भरण, ते बांधून ठेवणारे पान आणि सर्वांत बाहेरचे आवरण. आखूड सिगार चार-पाच इंचांची असते. सौम्य सिगारचे आवरण बहुधा फिक्या रंगाचे असते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट खोऱ्यात यासाठी शेतावर कापडाचे मांडव घालून तंबाखू पिकवतात. सावलीत वाढलेले पान पातळ, मऊ आणि फिके निघते.

शौकीन सिगार पेटवण्याआधीच तिची अर्धी परीक्षा घेतो. दोन बोटांत हलकेच दाबून कुठे गाठ आहे का, कुठे पोकळ आहे का, हे पाहतो. वास घेतो. न पेटवताच एक झुरका ओढून हवा मोकळी येते की नाही, हे तपासतो. पेटवल्यावर घाई नाही; मिनिटाला एखादा झुरका, तोही तोंडातच घोळवायचा, छातीत घ्यायचा नाही. विस्तव गोल आणि सारखा सरकतो आहे ना, राख घट्ट धरून राहते आहे ना, याकडे डोळा. मग बदाम, कॉफी, देवदाराचे लाकूड अशा ओळखीच्या वासांची नावे घेत चव सांगितली जाते.

आपल्याकडेही हे अगदीच नवे नाही. तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजांच्या काळी विलायतेपर्यंत प्रसिद्ध होते. शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत हा गुप्तहेर नुसत्या राखेवरून त्रिचनापल्लीची सिगार ओळखतो!

दुष्काळातून जन्मलेला धंदा

आता गरीब बहिणीकडे वळू. विडी पूर्वी गुजरातेत आपट्याच्या जातीच्या पानात वळत. होय, दसऱ्याला आपण सोने म्हणून लुटतो, तोच हा आपटा. १८९९-१९००च्या भयंकर दुष्काळात, ज्याला गुजराती माणूस अजून ‘छप्पनियो’ म्हणतो, अनेक कुटुंबांनी गाव सोडले. मोहनलाल आणि हरगोविंददास हे पटेल मंडळींपैकी दोघे रेल्वेच्या कामाच्या निमित्ताने गोंदियाच्या मुलुखात आले आणि इथल्या जंगलातले तेंदूचे पान त्यांच्या नजरेस पडले, असे या धंद्याच्या इतिहासात सांगितले जाते. १९०२च्या सुमारास जबलपुरात ‘मोहनलाल हरगोविंददास’ ही पेढी उभी राहिली. तिची ‘शेर छाप’ विडी पुढे देशभर पोचली.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १८१७पर्यंत जबलपुरावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६पर्यंत जबलपूर, भंडारा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १८७०मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपुरातच एकमेकांना मिळाले. पुढे सातपुड्यातून वळणे घेत जाणाऱ्या छोट्या गाडीने जबलपूर आणि गोंदिया जोडले. भोवती तेंदूचे जंगल, दाराशी रेल्वे आणि कामाच्या शोधातले हजारो हात. धंद्याला आणखी काय हवे?

पानाची परीक्षा

तेंदूला आपण टेंभुर्णी म्हणतो. या पानात असे काय आहे? ते रुंद आहे, चिवट आहे, वाळल्यावरही ओलावले की पुन्हा मऊ होते, लवकर कुजत नाही आणि मुख्य म्हणजे स्वतःची चव फारशी लादत नाही. म्हणजे सौम्य सिगारच्या आवरणाकडून जी अपेक्षा, तीच याच्याकडून!

उन्हाळ्याच्या तोंडी तेंदूची झुडपे छाटतात. नवी पालवी पुरेशी जून झाली, की साधारण एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत तोडणी चालते. पहाटे जंगलात गेलेल्या बाया दुपारी डोक्यावर गाठोडे घेऊन परततात आणि सारे घर गड्ड्या बांधायला बसते. मध्य प्रदेशात पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. गावाच्या फडावर फडमुन्शी गड्डी उलटसुलट करून पाहतो. पान किडीने खाल्लेले, फार कोवळे किंवा राठ असेल, तर गड्डी बाजूला. मध्य प्रदेशात १९६४पासून या पानाचा व्यापार सरकारी नियंत्रणात आहे. आपल्या गडचिरोलीत मात्र पेसा आणि वनहक्क कायद्याच्या आधारे अनेक ग्रामसभा आता पानांचा लिलाव स्वतःच करतात.

पानाची दुसरी परीक्षा वळणारीच्या घरी होते. विड्या वळणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींचे घर हाच कारखाना. सट्टेदाराकडून, म्हणजे कंत्राटदाराकडून, मोजून पाने, तंबाखू आणि सूत आणायचे. पाने भिजवून मऊ करायची. मापाने कात्रीने चौकोन कापायचे, जाड शीर काढायची. मांडीवर सूप. चिमटीने तंबाखू घ्यायची, पानावर सारखी पसरायची, बोटांनी वळायची, तोंडे दुमडायची, दोऱ्याचा वेढा द्यायचा. तंबाखू गुजरातची किंवा आपल्या निपाणीकडची. एका विडीत ती पाव ग्रॅमच्या आसपास, पण चिमूट चुकली की विडी विझते तरी किंवा ओढताना दम लागतो. सराईत बाईची चिमूट मात्र चुकत नाही. दिवसभरात आठशे-हजार विड्या तिच्या हातून उतरतात, आणि तराजू तिच्या बोटांतच असतो.

सांगा, मग पारखी कोण? विडी दाबून पाहणारा, की न पाहता नेमकी वळणारी?

छाट

खरी गोष्ट इथे सुरू होते. सिगारच्या शौकिनाला सिगार आवडली नाही, तर तो ती विझवून दुसरी घेतो. त्याच्या नापसंतीने कुणाची चूल विझत नाही. विडीचे तसे नाही. मजुरी हजारावर ठरते आणि विड्या पोचवल्यावर तपासणारा त्या दाबतो, मोजतो, काही बाजूला काढतो. ही बारीक, ही सैल, हिचे पान डागाळलेले. याला म्हणतात ‘छाट’. छाटलेल्या विडीची मजुरी नाही. आणि कामगार संघटनांची जुनी तक्रार अशी, की छाटलेली विडी बाईला परतही मिळत नाही. ती कुठल्या तरी कट्ट्यात जाऊन विकलीच जाते.

दुसरा जाच पानांचा. हजार विड्यांसाठी ठरलेली पाने मिळतात. त्यांत फाटकी, किडकी निघाली, तरी विड्या मात्र हजारच द्याव्या लागतात. मग कमी पडलेली पाने बाई पदरच्या पैशाने आणते. म्हणजे फडावर ज्या दोषासाठी गड्डी नाकारायची, तोच दोष पुढे हिच्या माथी!

१९६६च्या कायद्याने हे ओळखले होते. किती टक्क्यांपर्यंत विड्या नाकारता येतील, याची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार त्याने राज्यांना दिला. कच्चा माल, छाट आणि छाटलेल्या विड्यांची मजुरी यांवरचे तंटे सोडवण्याची सोयही केली. १९७६च्या कायद्यांनी विड्यांवर उपकर बसवून कामगारांच्या औषधपाण्यासाठी, घरांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी निधी उभारला. जीएसटी आल्यावर २०१७मध्ये हा उपकर बंद झाला, आणि नोव्हेंबर २०२५पासून १९६६च्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पण कायदा जुना असो वा नवा, कारखान्याच्या चार भिंतींत त्याला डोळे असतात. घराच्या ओसरीवर, जिथे मालक कोण हेच धड ठाऊक नसते, तिथे तो कसा पोचायचा?

केरळात एक वेगळा प्रयोग झाला. हा कायदा लागू होताच कण्णूरमधल्या खासगी कारखान्यांनी काम बंद केले. हजारो लोक बेकार झाले. तेव्हा १९६९ साली ‘दिनेश बीडी’ ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. तिथे विड्या एका छपराखाली वळल्या जात आणि कुणीतरी एक जण इतरांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. क्यूबातल्या सिगार कारखान्यांतही १८६५पासून अशीच वाचनाची प्रथा आहे. एकत्र बसलेल्या माणसांना निदान ‘ही विडी का छाटली?’ असे विचारता येते.

‘सौम्य’ शब्दाची फसवणूक

एक गोष्ट घरच्या सर्वांनी लक्षात घ्यावी. चव सौम्य असली, म्हणजे धूर सौम्य होत नाही. सिगारचा धूर छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जाते. तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतोच. विडीत तंबाखू थोडी, म्हणून ती बरी, हा समजही खोटा आहे. तेंदूचे पान हवा आत येऊ देत नाही. विडी विझू नये म्हणून भराभर आणि जोरात झुरके मारावे लागतात. त्यामुळे एका विडीतून जाणारे निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते. बरेचदा जास्तच असते.

आणि जिने आयुष्यात एक झुरका मारला नाही, तिचे काय? सुपातली तंबाखूची धूळ तिच्या नाकातोंडात जाते, निकोटिन बोटांच्या कातडीतून शिरते. शेजारी रांगणारे मूल तोच वास घेत वाढते. पाठ, मान आणि डोळे यांची तक्रार तर ठरलेलीच.

विड्या ओढणारे कमी व्हावेत, हे कुणालाही पटेल. पण सरकारी नोंदीप्रमाणे देशात सुमारे पन्नास लाख विडी कामगार आहेत. विडी सुटेल त्या दिवशी या बायकांच्या हाताला दुसरे काय द्यायचे, हे आजच ठरवायला हवे. पाव ग्रॅमचा अंदाज चिमटीत धरणारी ही बोटे शिवणाला, विणकामाला, कुठल्याही बारीक कारागिरीला लागतील. पण शिकवणारा, भांडवल देणारा आणि तयार माल विकत घेणारा कुणी पुढे आला, तरच. तोवर निदान एवढे तरी व्हावे : छाट काढली, तर ती बाईसमोर मोजावी, कारण सांगावे, आणि मजुरी द्यायची नसेल तर तिची विडी तिला परत करावी.