ब्रेक गाडी मारेल, पण...

दर वीकएंडला मुंबई-पुणे करणाऱ्यांना उजव्या पायात येणारे गोळे काही नवे नाहीत. त्यावर हल्लीच्या गाड्यांमध्ये एक झकास इलाज आलाय. अॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल! २०२१मध्ये एमजीची अॅस्टर आणि महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली, तेव्हापासून आपल्याकडच्या शोरूम्समध्येही याची जोरदार चर्चा सुरू झाली.

साधं क्रूझ कंट्रोल तसं जुनंच. लहानपणीच दृष्टी गमावलेल्या राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनिअरला १९५०मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि १९५८मध्ये ते क्रायस्लरच्या गाड्यांत आलं. पण ते फक्त वेग धरून ठेवायचं. समोर कोण आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

नव्या सिस्टिमला मात्र डोळे आहेत. पुढच्या बंपरजवळ रडार आणि बहुतेक गाड्यांत काचेमागे कॅमेरा. रडारच्या लहरी समोरच्या गाडीवर आपटून परत येतात. त्यावरून तिचं अंतर आणि वेग दोन्ही कळतात. तुम्ही ९०चा स्पीड सेट करायचा, किती अंतर राखायचं ते ठरवायचं, बस्स! मैत्रिणीच्या नव्या गाडीत बसून मी हे पाहिलं. पुढचा टेम्पो रेंगाळला, तशी गाडी आपणहून हळू झाली. तो बाजूला होताच पुन्हा ९०वर. टक्कर होणार असं वाटलं, तर ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग आधी अलार्म वाजवतं, मग स्वतःच करकचून ब्रेक लावतं.

पण थांबा, खरी गोम पुढेच आहे. रस्त्याकडेचे कठडे, बोर्ड, पूल हे सगळं रडारला दिसतं. प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर प्रवासच नको! म्हणून जास्त वेगात बऱ्याच सिस्टिम्स स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात. लेनमध्ये बंद पडलेला ट्रकही त्यातच जाऊ शकतो. पुढची गाडी ऐनवेळी बाजूला झाली आणि समोर तो ट्रक उभा असला, तर? १००च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. इमर्जन्सी ब्रेक लागला तरी गाडी वेळेत थांबेलच, असं नाही.

तेव्हा अंतर सगळ्यात मोठं ठेवा. मध्ये कुणी घुसलं तर घुसू दे! धो-धो पावसात आणि घाटातल्या वळणांवर सिस्टिम बंद करा. आणि हो, अॅक्सिलरेटरवरून पाय काढलात तरी तो ब्रेकजवळच असू द्या. मोबाइल? तो पर्समध्येच बरा!