दहाचं वर्तुळ आणि गोळ्यांचा लॉट

नेमबाजीच्या ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्म्या रुंदीचं. नवशिके आधी रायफलवर खर्च करतात. खरं तर आधी गोळ्या तपासाव्यात. पॉइंट टू-टू रायफल पकडीत घट्ट आवळतात, प्रत्येक लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, दहा-दहा गोळ्या झाडतात आणि कागदावरची भोकं किती जवळजवळ पडली ते मोजतात. एकाच कंपनीचा एक लॉट सगळ्या गोळ्या जवळपास एकाच भोकात घालतो, दुसरा पसरवतो. रायफलला मानवलेल्या लॉटचा साठा करायचा. उरतो तो श्वास आणि चापावरचं बोट. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने याच अंतरावर, तीन पवित्र्यांच्या थ्री पोझिशन्स प्रकारात, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं.