आकाशगंगेचा फोटो कुणीच काढलेला नाही, मग नकाशा आला कुठून?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र दर दोन-तीन महिन्यांनी फिरत येतं. काळ्या पार्श्वभूमीवर भोवऱ्यासारखी, चमचमणारी आकाशगंगा, तिच्या एका हाताजवळ बाण आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आपण इथे आहोत’. मी खगोलशास्त्रात पीएच.डी. करतोय हे कळलं की गावाकडचं कुणी ना कुणी ते चित्र पाठवून विचारतंच, “हा फोटो कुठल्या यानाने काढला रे?”

उत्तर सोपं आहे. कुठल्याच नाही. ते चित्र आहे, फोटो नाही. आकाशगंगेच्या बाहेर जाऊन तिचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही आणि नजीकच्या काळात कुणी काढणारही नाही. तरीही तो बाण बऱ्यापैकी बरोबर जागी आहे. घराबाहेर कधीच पाऊल न टाकता घराचा नकाशा कसा काढला, ते आज बघू.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू

एका वर्षात प्रकाश जेवढा जातो ते अंतर म्हणजे प्रकाशवर्ष, साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून एक सोय करू. एक प्रकाशवर्ष म्हणजे एक मीटर असं समजा.

आपल्या आकाशगंगेची तबकडी सुमारे १ लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, म्हणजे या हिशेबात १०० किलोमीटर. तिचं केंद्र परभणी शहरात ठेवा. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा ही तालुक्याची सगळी गावं त्या तबकडीत आरामात बसतात. जाडी मात्र फार नाही, एक-दोन किलोमीटर. म्हणजे भाकरीसारखा प्रकार, फक्त मधोमध फुगीर.

यात आपला सूर्य कुठे? केंद्रापासून सुमारे २६,७०० प्रकाशवर्षांवर, म्हणजे पावणेसत्तावीस किलोमीटरवर. मानवतच्या आसपास म्हणा ना. आणि आपली सूर्यमाला? नेपच्यूनच्या कक्षेसकट सगळी सूर्यमाला या नकाशात एक मिलिमीटरची, खसखशीच्या दाण्याएवढी. शेजारचा तारा सव्वाचार मीटरवर. अख्ख्या जिल्ह्यावर असे १०,००० ते ४०,००० कोटी तारे पसरलेले.

१९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे माणसाने सगळ्यात दूर पाठवलेलं यान. इतकी वर्षं धावून ते या नकाशात पावणेतीन मिलिमीटर गेलंय. तबकडी वरून बघायची तर निदान काही किलोमीटर वर जायला हवं. त्यामुळे फोटोचा विषय इथेच संपला.

ज्वारीच्या रानात उभा माणूस

आता समजा, तुम्ही डोक्याच्या वर गेलेल्या ज्वारीत उभे आहात. परभणी मोती घ्या किंवा दुसरी कुठलीही. कुठेही बघा, दहा-पंधरा हातांपलीकडे काही दिसत नाही. पुढे तेवढंच, मागे तेवढंच, डावीउजवीकडे तेवढंच. तुम्हाला वाटणार की आपण रानाच्या अगदी मधोमध आहोत. खरं तर तुम्ही धुऱ्याला चिकटूनही असाल.

विल्यम हर्शेलचं नेमकं हेच झालं. १७८५ साली त्याने दुर्बिणीतून आकाशाच्या शेकडो तुकड्यांमधले तारे मोजले, आकाशगंगेचा पहिला नकाशा काढला आणि सूर्य जवळपास मध्यावर ठेवला. मोजणी प्रामाणिक होती. पण ताऱ्यांच्या मधल्या जागेत बारीक धूळ भरलेली आहे हे त्याला माहीत नव्हतं. ही धूळ दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश खाऊन टाकते, त्यामुळे तबकडीच्या दिशेने सगळीकडे थोडंथोडंच दिसतं. पुढची सव्वाशे वर्षं बहुतेक नकाशे सूर्याला मध्याजवळच ठेवत राहिले.

ज्वारीतून बाहेर न पडता आपण कुठे आहोत हे कसं कळेल? मान वर करा. पिकाच्या वर डोकावणारी झाडं दिसतील. आंबा, लिंब, बाभूळ, जे असेल ते. ही झाडं रानभर सारखी विखुरलेली असतील आणि तुम्हाला मात्र बहुतेक सगळी एकाच बाजूला दिसत असतील, तर तुम्ही मध्यावर नाही हे उघड आहे. रानाचा मध्य त्या झाडांच्या बाजूला आहे.

१९१८ साली हार्लो शॅप्ली या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने हेच केलं. त्याची झाडं म्हणजे गोलाकार तारकागुच्छ, लाखो ताऱ्यांचे घट्ट गोळे. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेच्या वर माहीत आहेत. त्यातले बरेच धुळीच्या तबकडीच्या वर किंवा खाली असतात, त्यामुळे लांबूनही दिसतात. शॅप्लीने त्यांची अंतरं काढली आणि बघितलं तर ते धनु राशीच्या दिशेला गर्दी करून बसलेले. म्हणजे केंद्र तिकडे, आणि आपण बाजूला. अंतर त्याने बरंच जास्त धरलं होतं, कारण धुळीचा हिशेब त्याच्याकडेही नव्हता. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी ती धूळ पुराव्यानिशी दाखवली आणि मग आकडे रुळावर आले.

कोपर्निकसने पृथ्वीला मध्यावरून हलवलं हे आपण शाळेत शिकतो. सूर्यालाही मध्यावरून हलवावं लागलं आणि त्याला जेमतेम शंभर वर्षं झालीत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

धुळीतून आरपार दिसणारा प्रकाश

झाडांवरून मध्य कळला, पण पिकाच्या आतलं काय? त्यासाठी असा प्रकाश हवा जो धुळीला जुमानत नाही. रेडिओ लहरी तशा असतात.

आकाशगंगेतल्या वायूत सगळ्यात जास्त हायड्रोजन. थंड हायड्रोजनचे अणू २१ सेंटीमीटर तरंगलांबीची, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झची रेडिओ लहर सोडतात. १९५१ मध्ये ती पहिल्यांदा पकडली गेली. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जी जीएमआरटी दुर्बीण आहे, तीही ही लहर पकडते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना तुम्ही त्यातल्या काही बघितल्याही असतील.

या लहरीतून वायूचा वेगही कळतो. पूर्णा जंक्शनला फलाटावर उभे राहा. न थांबणारी गाडी हॉर्न वाजवत येते तेव्हा आवाज चढा असतो आणि पुढे निघून गेली की एकदम उतरतो. रेडिओ लहरींचंही तसंच आहे. वायू आपल्याकडे येत असेल तर लहर थोडी आखूड होते, दूर जात असेल तर थोडी लांब. तो फरक मोजला की वेग मिळतो. माझ्या पीएच.डी.चं कामही वायूच्या अशाच वेगांचं आहे. रोजचं काम म्हणजे संगणकावर हे चढउतार मोजत बसणं.

खळं, ग्रह आणि आकाशगंगा

वेग कळला की वजन कळतं. कसं ते बघा.

पूर्वी खळ्यावर मळणीला बैल एका खांबाभोवती फिरायचे. एका दावणीत चार बैल असले, तर सगळ्यात बाहेरच्या बैलाला सगळ्यात जोरात चालावं लागायचं. ग्रहांचं उलटं असतं. सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर पळतो, पृथ्वी ३० आणि लांबचा नेपच्यून फक्त साडेपाचच्या आसपास. कारण जवळपास सगळं वजन मधे, सूर्यात आहे. लांब गेलात की ओढ कमी, म्हणून वेगही कमी.

आकाशगंगा या दोन्हींसारखी वागत नाही. आपला सूर्य केंद्राभोवती सेकंदाला साधारण २३० किलोमीटर वेगाने फिरतो. एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २२ कोटी वर्षं लागतात, म्हणजे जन्मापासून त्याच्या वीसेक फेऱ्या झाल्या आहेत. पण सूर्याच्या बरंच पलीकडे, जिथे तारे विरळ होत जातात, तिथेही वायू जवळजवळ तेवढ्याच वेगाने फिरताना दिसतो.

सूर्याच्या वेगावरून हिशेब केला तर त्याच्या कक्षेच्या आत सुमारे १०,००० कोटी सूर्यांइतकं वजन निघतं. अख्ख्या आकाशगंगेतले दिसणारे तारे आणि वायू मिळून मात्र साधारण ६,००० कोटी सूर्यांइतकंच भरतं. (तारे जास्त आणि वजन कमी कसं? कारण बहुतेक तारे सूर्याहून बरेच लहान आहेत.) बाहेर जावं तशी ही तूट वाढत जाते. ती भरून काढणारं न दिसणारं काहीतरी आहे, त्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो. ते कशाचं बनलंय हे अजून कुणालाच सापडलेलं नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकू. ‘आकाशगंगा मधल्या महाकाय कृष्णविवराभोवती फिरते’ असं सर्रास लिहिलं जातं. केंद्रात कृष्णविवर आहे हे खरं. त्याच्याभोवती एस-२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो. अशा ताऱ्यांचा वर्षानुवर्षं माग काढल्याबद्दल राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल विभागून मिळालं. १२ मे २०२२ ला त्या कृष्णविवराची पहिली प्रतिमाही जाहीर झाली. पण त्याचं वजन सुमारे ४३ लाख सूर्यांइतकं. १०,००० कोटींपुढे ४३ लाख म्हणजे तेवीस हजार रुपयांत एक रुपया. आकाशगंगेला बांधून ठेवणारी ओढ तिच्यातल्या सगळ्या द्रव्याची मिळून आहे, त्या एका कृष्णविवराची नाही.

मग आता सगळं ठरलं का?

नाही. गाया या युरोपीय यानाने जवळपास १८० कोटी ताऱ्यांच्या जागा मोजल्या, आणि त्यातल्या बहुतेकांची अंतरं आणि सरकणंही. त्या आकड्यांवरून २०२३ च्या सुमारास काही गटांनी दाखवलं की अगदी बाहेरच्या भागात वेग आपण समजत होतो त्यापेक्षा जास्त घसरतो. ते बरोबर असेल तर आकाशगंगेचं एकूण वजन जुन्या अंदाजाच्या काही पट कमी निघतं. इतर पद्धतींनी जास्त येतं. घराचा नकाशा बऱ्यापैकी हातात आहे, पण घराच्या वजनावर अजून वाद चालू आहे. आणि ते वजन ठरल्याशिवाय कृष्णद्रव्य नेमकं किती आणि कसं पसरलंय हेही ठरत नाही.

परभणीतून केंद्र कधी दिसतं?

आपल्याकडे शेतीची नक्षत्रं सगळ्यांना पाठ असतात. ७-८ जूनला मृग लागतं, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जातो. त्या दिवसांत सूर्य आकाशात केंद्राच्या जवळपास बरोबर उलट बाजूला असतो. म्हणजे पेरणीच्या दिवसांत मध्यरात्री केंद्र आपल्या दक्षिणेला चांगलं वर असतं. अडचण एवढीच की तेव्हा ढग असतात, आणि ढग नकोत असं म्हणायची आपल्याकडे कुणाची हिंमत नाही.

म्हणून उन्हाळा धरा. मेच्या मध्याला, अमावास्येच्या आसपास, रात्री अडीचच्या सुमाराला दक्षिणेला तोंड करा. हात लांब करून क्षितिजापासून एकावर एक चार मुठी मोजा. तिथे विंचवाची वळलेली नांगी ओळखू येईल. नांगीच्या टोकाचे तारे म्हणजे मूळ नक्षत्र, आणि त्याच्या थोडं वर डावीकडे केंद्राची दिशा. (‘मूळ’ हे नाव आणि केंद्राची जागा जुळते हा योगायोग आहे. केंद्र तिकडे आहे हे १९१८ च्या आधी मोजून कुणी दाखवलं नव्हतं.) मे हुकला तर ऑक्टोबरात दिवेलागणीनंतर नैऋत्येला बघा, पण तेव्हा ते खाली उतरलेलं असतं.

लंडनहून बघणाऱ्याला हीच जागा जेमतेम एक मूठ वर दिसते. आपल्या अक्षांशावर ती चार मुठी वर असते. हा फायदा फुकट मिळालेला आहे, पण तो शहरातल्या एलईडी दिव्यांखाली उभं राहून घेता येत नाही. रस्त्यापासून दूर, रानात जा आणि डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. मोबाइल खिशातच ठेवा.

मग तो दुधी पट्टा दिसेल आणि त्याच्या मधोमध काळे डाग दिसतील. ती रिकामी जागा नाही. हर्शेलला चकवणारी धूळ ती हीच, आणि ती बघायला दुर्बीण लागत नाही.