उरेब कापडाचा झगा

पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयात मादलेन व्हिओने या शिवणकर्तीचे संध्यासमारंभाचे झगे जतन केले आहेत. पुष्कळसे त्यांनीच १९५२ साली दिलेले. पूर्वी बाईच्या अंगाला आकार देई तो आतला करकचून बांधलेला कॉर्सेट. व्हिओनेंनी कापड उरेब, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरके कापले. असे कापड ताण घेते आणि स्वतःच्या भाराने अंगावर उतरते. १९३० नंतरच्या झग्यांना जे वळण आले, ते यातून.

पण उरेब कापड शिवताना सरकते; त्याला कसलेला हातच लागतो. व्हिओने स्वतः लहान वयात शिवणकामाला लागल्या होत्या. त्यांच्या कारखान्यात कामकरणींना दवाखाना, भोजनगृह आणि पगारी रजा होती. रजेचा कायदा फ्रान्समध्ये १९३६ साली झाला.

इतरत्र असे नव्हते. १९१७ च्या मे महिन्यात पॅरिसच्या शिवणकरणी संपावर गेल्या, आणि जूनमध्ये शनिवारची अर्धी पगारी सुटी कायद्याने मिळाली. एकीची भलाई तिच्या दुकानापुरती राहते, कायदा सर्वांना पुरतो, असे आम्ही कामगार चळवळीतले लोक म्हणतो ते यासाठीच.

नकला टाळण्यासाठी व्हिओने झग्याच्या चिठ्ठीवर आपला अंगठा उठवीत. शिवणाऱ्या मुलींची नावे मात्र चिठ्ठीवर नसत. झगा पाहताना त्यांचीही आठवण ठेवावी, एवढेच आमचे सांगणे.