घरच्या गाडीला दुसरे इंजिन
घरी बांधलेल्या गाडीत दुसरे इंजिन बसवायचे म्हणजे फक्त ताकद वाढवायची, असा समज सर्रास आढळतो. खरे तर ते जुळणीचे काम आहे. नव्या इंजिनाचा टॉर्क (आसाला मिळणारा पीळ) क्लच आणि गिअरबॉक्सला पेलावा लागतो, उष्णता रेडिएटरला आणि वाढलेला वेग ब्रेकना. विहिरीवर मोठी मोटर लावून वायर जुनीच ठेवली, तर आधी वायर जळते. इंजिन जुन्या जागी चपखल बसले, मग अडचण काय, ही शंका रास्त आहे. पण माप जुळल्याने भार पेलेलच असे नाही. शिवाय नियमही पाहावे लागतात. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बांधलेल्या, किकने सुरू होणाऱ्या गाडीचे २०२१ मध्ये देशभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. तरी ती नियमांत बसत नव्हती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून हौशी कारागिरांनी इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओत चौकशी करावी.