आवाजावरून ओळख: कासव की मासा?

तापीच्या वाळूत टरबुजाची वाडी करणारा शेतकरी फळ तोडण्याआधी बोटांनी ठोकून पाहतो. गर तयार आहे की कच्चा, हे त्याला आवाजावरून कळते. समुद्रावरचे मच्छीमारही काहीसे तसेच करतात. लिंबायतीत राहणाऱ्या आणि गावी शेती असणाऱ्या आपल्या खानदेशी मंडळींना समुद्र फारसा परिचयाचा नाही. पण मासळी आपल्याही ताटात येते, म्हणून ही माहिती देत आहोत.

ठोकण्याचे काम सोनार नावाचे यंत्र करते (दागिने घडवणारा सोनार नव्हे!). ते पाण्यात आवाज सोडते आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. प्रतिध्वनी 0.1 सेकंदात परतला तर वस्तू 75 मीटरवर आहे असे समजावे, कारण आवाजाला जाऊन परत यायचे असते. मच्छीमारांच्या यंत्राचा आवाज बहुधा 50 किंवा 200 किलोहर्ट्झचा असतो. तो माणसाला ऐकू येत नाही आणि कासवालाही नाही.

बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. गुजरातने 2023 मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केलेल्या घोळ माशाची पिशवी तर फार महाग विकली जाते. पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथून आवाज जोराने उलटतो. माशाचा प्रतिध्वनी मुख्यतः या पिशवीचाच. मुशीला पिशवी नाही, म्हणून ती मंद उमटते.

कासवाला पिशवी नसते, पण पाठीच्या कवचाखाली हवेने भरलेली फुप्फुसे असतात. त्यामुळे पाठ, पोट किंवा कूस यांपैकी कोणती बाजू आवाजाकडे आहे त्याप्रमाणे प्रतिध्वनी बदलतो. मलेशियातील संशोधकांनी हिरव्या कासवांचे व माशांचे प्रतिध्वनी मोजून पाहिले आहेत. अडचण अशी की मोठा मासा किंवा माशांचा थवाही कासवाइतकाच जोरदार उमटू शकतो. म्हणून नुसत्या जोरावर निकाल देऊ नये, असे आम्हांस वाटते. चित्र दाखवणारे सोनार अधिक भरवशाचे. त्यात मासा शेपूट हलवताना आणि कासव पुढचे वल्ह्यासारखे पाय मारताना दिसते. खंभातच्या आखातातील गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा होतो, तिथे असे यंत्र कामाचे. मात्र ते फार लांबचे पाहत नाही, आणि किंमत लहान बोटवाल्याला परवडणारी नाही.

एवढा खटाटोप कशाला? कासव हवेवर जगते. ट्रॉलच्या जाळ्यात अडकून वर येता आले नाही, की ते बुडून मरते. याच कारणावरून अमेरिकेने 2019 मध्ये भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले. कासव बाहेर पडावे म्हणून जाळ्यात सळ्यांची चौकट व दार बसवता येते. महाराष्ट्रात 2018 मध्ये, कासव सोडवताना जाळे कापावे लागल्यास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली.

जाळ्यातून निघालेले कासव निपचित दिसले तरी मेले समजून टाकू नये. पोटावर ठेवून मागचा भाग निदान 6 इंच उंच करावा, म्हणजे फुप्फुसातले पाणी निघते. नाकपुड्या मोकळ्या ठेवून अंगावर ओले फडके घालावे, सावलीत ठेवावे आणि 4 ते 24 तास वाट पाहावी.